मागणीच कमी होत होती : डिझेल तापमान सेन्सरच्या बिघाडाचा माग

पार्श्वभूमी

मे २०२३ मधली गोष्ट. साताऱ्यातल्या माझ्या गॅरेजवर एक शिक्षक त्यांची डिझेल गाडी घेऊन आले. गाडी २०१४ ची, कॉमन रेल इंजिनाची (पंप डिझेल दाबून एका सामाईक नळीत, म्हणजे रेलमध्ये भरतो आणि तिथून ते इंजेक्टरांना जातं), १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेली. सरांच्या आईला दर पंधरा दिवसांनी पुण्याला तपासणीसाठी न्यावं लागे. सकाळी सहाला साताऱ्यातून निघायचं, काम उरकून दुपारी एकच्या सुमारास परतीला लागायचं, असा त्यांचा नेम.

माझ्याकडे येण्याआधी गाडी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये दोनदा जाऊन आली होती. तिथे डिझेल फिल्टर बदलला, एअर फिल्टर बदलला आणि शेवटी सांगितलं, चारही इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे नोझल, गेलेत, काढून दुरुस्तीला पाठवावे लागतील. अंदाजे खर्च ४८ हजार. सर तो कागद खिशात घेऊनच आले होते. त्यांनी तो उलगडून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "खर्च करायला माझी ना नाही. पण आईला मागे बसवून मी घाट चढतो. पैसे भरूनही हे राहिलं तर?"

तक्रार

सर गाडीतले जाणकार नव्हते, पण निरीक्षण पक्कं होतं. मी विचारत गेलो आणि ते नेमकं सांगत गेले.

जाताना काही त्रास नाही. येताना शिरवळपर्यंत गाडी छान पळते. खंडाळा (साताऱ्याकडचं, लोणावळ्याचं नव्हे) सोडून खंबाटकीची चढण लागली, की मध्येच कुणीतरी मागून धरल्यासारखी ओढच जाते. पाय पूर्ण दाबला तरी दुसऱ्या गिअरवर यावं लागतं. झटका नाही, मिसिंग नाही, काळा धूर नाही. घाटमाथा ओलांडून थोडं उतरलं की आपोआप बरी होते. डॅशबोर्डवरची चेक लाइट, म्हणजे इंजिनात बिघाड असल्याची खूण, एकदाच लागली होती. आधीच्या गॅरेजने ती स्कॅनर (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावून घालवली.

"कोड कुठला होता, लिहून घेतलाय का?"

"नाही हो. पुसला आणि म्हणाले, आता काही नाही."

इथेच पहिलं नुकसान झालं होतं. कोड म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक. तो पुसला की त्याच्यासोबत जपलेली नोंदही जाते. बिघाड झाला त्या क्षणी वेग किती, इंजिनाचं तापमान किती, लोड किती, हे सगळं त्या नोंदीत असतं. ती असती तर माझे दोन दिवस वाचले असते.

एक गोष्ट मात्र सरांच्या सांगण्यातच होती. बिघाड दुपारचा, लांबच्या पल्ल्यानंतरचा आणि चढणीवरचा. म्हणजे काहीतरी तापल्यावर होत होतं. इंजेक्टर खरंच झिजले असते, तर सकाळी थंड गाडी सुरू होताना बहुधा कुरकुर केली असती. ही गाडी सकाळी अर्ध्या सेल्फवर सुरू व्हायची.

काय काय असू शकतं

ओढ कमी होण्याची कारणं डझनभर निघतात. माझ्यापुढे चार होती.

इंजेक्टर, कारण तो संशय आधीच बोलून दाखवला गेला होता आणि तो खोडल्याशिवाय सरांचं समाधान झालं नसतं. टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा पाइप किंवा ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरची गळती. डिझेल पुरवठा, म्हणजे टाकीतली जाळी, पाइप, पंप. आणि सेन्सरांपैकी कुणीतरी इंजिनाच्या कॉम्प्युटरला चुकीची खबर देत असणं.

चौथ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बऱ्याच जणांना डिझेलच्या तापमानाचा वेगळा सेन्सर असतो हेच माहीत नसतं. काही गाड्यांत तो हाय प्रेशर पंपावर असतो, काहींत रिटर्नच्या पाइपवर, काहींत फिल्टरच्या डोक्यावर. या गाडीत तो फिल्टरच्या डोक्यावर होता, दोन पिनांचा, स्वतंत्र कपलरचा, म्हणजे वायर जोडणाऱ्या प्लगचा. त्याचं काम दुहेरी. डिझेल तापलं की फुगतं आणि हलकं होतं. एका अंशाला साधारण ०.०८ टक्के, म्हणजे ५० अंशांच्या फरकाला ४ टक्के. तेवढा हिशेब कॉम्प्युटरला फवाऱ्यात धरावा लागतो. दुसरं काम जास्त मोलाचं. हाय प्रेशर पंपाला वेगळं ऑइल नसतं, त्याला वंगण डिझेलचंच. डिझेल फार तापलं की पातळ होतं आणि पंप आतून घासायला लागतो. म्हणून तापमान ठरावीक मर्यादेपुढे गेलं की कॉम्प्युटर स्वतःहून प्रेशर आणि डिझेल दोन्ही कमी करतो. चालकाला वाटतं गाडी मेली. गाडी तर पंप वाचवत असते.

पहिला दिवस : सेन्सरला मी निर्दोष ठरवलं

स्कॅनरला एकही कोड नव्हता. गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवून घेतली आणि सकाळी सात वाजता इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवून आकडे पाहिले. कूलंट २६ अंश, आत येणारी हवा २६, डिझेल २७. रात्रभर उभ्या गाडीत हे तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. ते आले. मी वहीत लिहिलं, "डिझेल टेंपरेचर सेन्सर ओके."

ही या प्रकरणातली माझी सर्वांत मोठी चूक. तपासणी बरोबर होती, निष्कर्ष जास्तीचा काढला. सकाळच्या त्या आकड्यांवरून एवढंच सिद्ध होतं, की सेन्सर २७ अंशांना खरं बोलतो. साठ अंशांना काय बोलतो ते त्यात कुठे आलं? तक्रार गरम गाडीची आणि मी पुरावा थंड गाडीचा धरून बसलो.

मग इंजेक्टरचा रिटर्न, म्हणजे न फवारता परत जाणारं डिझेल, तपासला. झिजलेल्या इंजेक्टरातून ते जास्त येतं. चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडल्या आणि इंजिन चालवलं. कुठल्याही बाटलीत इतरांपेक्षा जास्त डिझेल साचलं नाही, चारही पातळ्या बोटाच्या पेराएवढ्याच फरकात. संध्याकाळी सर आले तेव्हा बाटल्या तशाच रांगेत ठेवल्या होत्या. त्या बघून ते खाली स्टुलावर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. ४८ हजारांचा कागद तिथेच बाद झाला.

टर्बोचे पाइप, क्लिपा, इंटरकूलर हाताने आणि साबणाच्या पाण्याने पाहिले. गळती नाही. दुपारी दोनच्या उन्हात यवतेश्वरचा घाट चढून आलो. गाडी हरणासारखी पळाली. तो घाट शहराला लागूनच आहे. डिझेल तापायला लागतो तेवढा पल्लाच झाला नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दुसरा दिवस : खंबाटकीत

आता ज्या रस्त्यावर बिघडते त्याच रस्त्याने, त्याच वेळेला न्यायची ठरवली. पुण्याकडे जाताना रस्ता बोगद्यातून, येताना घाटातून. बोगद्यातून खंडाळ्याकडे उतरलो, पुढे शिरवळच्याही पलीकडे जाऊन वळलो, म्हणजे लांब पल्ला मिळाला. माझा हाताखालचा पोरगा शेजारी बसून स्कॅनरवर नोंद घेत होता. पाचच आकडे निवडले होते : कॉम्प्युटरने मागितलेलं रेल प्रेशर (रेलमधला डिझेलचा दाब, बारमध्ये), प्रत्यक्ष मिळालेलं रेल प्रेशर, पॅडल, टर्बोचा दाब आणि डिझेलचं तापमान. जास्त आकडे लावले की जुना स्कॅनर मंदावतो आणि नेमका क्षण निसटतो.

चढणीच्या सुरुवातीला तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पॅडलवर मागणी १३५० बारच्या आसपास होती आणि तेवढं मिळत होतं. चौथं-पाचवं वळण गेलं आणि सरांनी सांगितलं होतं तसंच झालं. ओढ गेली. पोरगा ओरडला, "दादा, प्रेशर पडलं! ९१०!"

"मागितलंय किती?"

तो क्षणभर थांबला. "मागितलंयच ९००."

त्या एका उत्तराने प्रकरण उलटलं. मागितलं १३५० आणि मिळालं ९१० असं असतं, तर पंप, इंजेक्टर, फिल्टर सगळे आरोपी. पण जेवढं मागितलं तेवढं इमानेइतबारे मिळत होतं. कॉम्प्युटरची मागणीच कमी झाली होती. यंत्रात दोष नव्हता, यंत्राला मिळणाऱ्या खबरेत होता. आणि शेवटच्या रकान्यात ती खबर होतीच. डिझेल ११८ अंश.

नोंद मागे नेऊन पाहिली. तापमान ५१, ५३, ५४, ५६ असं हळूहळू चढलं आणि पुढच्याच ओळीत १०४. फिल्टरमध्ये भरलेलं डिझेल एका सेकंदात ४८ अंशांनी तापत नाही. कोडही आला नव्हता, कारण ११८ हा आकडा मोठा असला तरी सर्किट तुटल्याचा किंवा शॉर्ट झाल्याचा नव्हे. कॉम्प्युटरने तो खरा मानला. त्याच्या जागी मी असतो तर मीही मानला असता.

तरीही एक शंका उरत होती. सर टाकी कधीच पूर्ण भरत नसत. टाकीत डिझेल कमी असलं की रेलकडून परतलेलं गरम डिझेल त्याच थोड्याशा डिझेलमध्ये मिसळून फिरत राहतं आणि टाकी खरोखरच तापते. मेची दुपार, पाव टाकी, लांबचा पल्ला. डिझेल खरंच गरम असू शकत होतं. घाटमाथ्यावर मोकळी जागा बघून गाडी घेतली, बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून फिल्टरमधून निघणाऱ्या धातूच्या नळीवर काळी टेप चिकटवली आणि त्या टेपवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. टेप लागतेच, चकचकीत धातूवर हा थर्मामीटर खोटं सांगतो. आकडा आला ५६. स्कॅनरवर त्याच वेळी ११५.

आता सेन्सर की वायर एवढंच ठरवायचं होतं, आणि नेमकं इथे मी घाई केली. त्याच क्षणी सेन्सरचं कपलर काढलं असतं तर उत्तर हातात होतं. पण मागून ट्रक सतत येत होते, पोरगा रस्त्याच्या बाजूला उभा होता. मला तिथे थांबवेना. पाच मिनिटं उतरलो आणि आकडा ५५ वर येऊन बसला. जणू काही घडलंच नव्हतं.

सेन्सर की वायर

या सेन्सरच्या आत तापमानानुसार रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) बदलणारा एक मणी असतो. तापमान वाढलं की रेझिस्टन्स उतरतो. कॉम्प्युटर एका वायरवर ५ व्होल्ट पाठवतो, दुसरी वायर अर्थ. सेन्सर जितका गरम, तितके व्होल्ट खाली येतात. म्हणून वायर तुटली की कॉम्प्युटरला वाटतं डिझेल गोठलंय आणि स्कॅनरवर उणे ४० दिसतं. सिग्नलची वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर व्होल्ट पडतात आणि डिझेल उकळतंय असं दिसतं. म्हणजे आपल्या गाडीतलं लक्षण खराब सेन्सरचंही होतं आणि सोललेल्या वायरचंही.

पुष्कळ मिस्त्री इथे म्हणतील, सेन्सर १,९०० रुपयांचा, टाका आणि बघा. मीही अर्धा तास तोच विचार केला. खरं सांगायचं तर माझ्या मजुरीचा हिशेब केला तर तपासणीलाही जवळपास तेवढेच पैसे होत होते. पण इलेक्ट्रिकचा पार्ट दुकानदार परत घेत नाही. आणि दोष वायरचा निघाला असता तर सर पंधरा दिवसांनी आईला घेऊन पुन्हा त्याच घाटात अडकले असते. त्यांचा पहिला प्रश्नच तो होता. म्हणून आधी सिद्ध करायचं आणि मग बदलायचं, असं ठरवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कपलर काढलं. मल्टीमीटरवर ४.९७ व्होल्ट, स्कॅनरवर उणे ४०. दोन्ही पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या, आकडा १४० च्या वर. म्हणजे कॉम्प्युटर आणि वायर दोन्ही टोकं बरोबर वाचत होते. हे करण्याआधी कुठल्या वायरवर किती व्होल्ट आहेत ते मोजून घ्या. काही गाड्यांत फिल्टरच्या हीटरची १२ व्होल्टची वायर त्याच कपलरमध्ये असते. ती चुकून जोडली गेली तर कॉम्प्युटरचं नुकसान होऊ शकतं.

पण ही तपासणीही उभ्या गाडीतली. चालत्या गाडीत हादऱ्याने वायर टेकत असेल तर? मग इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १.२ किलोओहमचा साधा रेझिस्टर आणला, दोन रुपयांचा. तो सेन्सरऐवजी कपलरमध्ये बसवला. स्कॅनरने लगेच ३९ अंश दाखवले, कारण या सेन्सरचा ४० अंशांचा रेझिस्टन्स तेवढाच असतो. हार्नेस, म्हणजे वायरांचा जुडगा, हाताने हलवला, ओढला, बॅटरीच्या ट्रेजवळ वाकवला. ३९. खराब रस्त्याने सावकाश एक फेरी मारली. ३९. त्या फेरीत पॅडल मुद्दाम हलकं ठेवलं, कारण कॉम्प्युटरला खरं तापमान कळत नव्हतं आणि पंपाचं संरक्षण तेवढ्यापुरतं बंद होतं. वायर निर्दोष ठरली.

परत येऊन सेन्सरला कपलर लावलं, इंजिन गरम केलं आणि सेन्सरवर हेअर ड्रायर धरला. ५२, ५५, ५७ आणि मग थेट १०९. त्याच क्षणी कपलर उपसलं. उणे ४०. वायर टेकलेली असती तर सेन्सर काढूनही आकडा वरच राहिला असता. घाटात राहिलेली तपासणी अशी गॅरेजमध्ये पूर्ण झाली.

पातेल्यातली खात्री

सेन्सर काढायच्या आधी फिल्टरचं डोकं ब्रेक क्लीनरने लख्ख धुतलं. मातीचा एक कण जरी डिझेलच्या वाटेत गेला तरी पंप आणि इंजेक्टर दोघांना भारी पडतो. सेन्सर निघाल्यावर सरांना बोलावून घेतलं, कारण हे त्यांनी डोळ्यांनी बघावं असं मला वाटत होतं.

शेगडीवर पाण्याचं पातेलं, त्यात स्वयंपाकघरातला थर्मामीटर, दोऱ्याने बांधून सोडलेला सेन्सर आणि त्याच्या पिनांना मल्टीमीटर. नळाचं पाणी २८ अंश, रेझिस्टन्स १.८ किलोओहम, बरोबर. ४० अंशांना १.१५ किलोओहम, बरोबर. ५० पर्यंत शिस्तीत उतरला. ५७ ला पाण्यावर नुसती वाफ दिसू लागलेली आणि मल्टीमीटरवरचा आकडा घरंगळल्यासारखा १७० ओहमवर आला. त्या तापमानाला तो ६५० च्या आसपास हवा. १७० म्हणजे शंभर अंशांच्याही पुढची भाषा. पान्याच्या मुठीने सेन्सरला हलकं टिचकवलं, आकडा १५० ते २२० मध्ये नाचला. शेगडी बंद केली. पाणी ५० पर्यंत निवलं आणि सेन्सर पुन्हा शहाण्यासारखा बोलू लागला.

सर शाळेत विज्ञान शिकवतात. पातेल्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे हा सकाळी खरं बोलतो आणि दुपारी खोटं."

काम आणि निकाल

नवा सेन्सर बसवण्याआधी त्यालाही त्याच पातेल्यात घातलं. २८, ४०, ६०, ८० अंशांना अनुक्रमे १.८ किलोओहम, १.२ किलोओहम, ६०० ओहम आणि ३२० ओहमच्या आसपास. नव्या खोक्यातला पार्टही कधी खराब निघतो. नवी रबर रिंग, हातपंपाने हवा काढणं, गळती बघणं, सगळं मिळून तासाभराचं काम.

दुपारी पुन्हा शिरवळच्या पलीकडून खंबाटकी चढलो. या वेळी गाडी सर चालवत होते. डिझेल ५८ अंशांपर्यंत गेलं, मध्ये एकही उडी नाही. मागणी १३४० बार, मिळकत १३३०. शेवटच्या वळणाला पुढचा ट्रक मागे टाकला तेव्हा सरांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

सेन्सर, रिंग आणि तपासणीची मजुरी धरून बिल ५,२०० झालं. जुलैअखेर गाडी ऑइल बदलायला आली तेव्हा चार-पाच पुणे फेऱ्या झाल्या होत्या. तक्रार नव्हती, स्कॅनरला कोडही नव्हता.

पुन्हा करायचं तर

घाटातली फेरी पहिल्याच दिवशी, चालू नोंदीसह करेन. बाटल्यांची तपासणी वाया गेली असं मी म्हणणार नाही, कारण सरांच्या डोक्यातला इंजेक्टरचा खर्च तिनेच काढला. पण बिघाड शोधायला तिची गरज नव्हती. मागणी आणि मिळकत हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले असते तर अर्धे संशयित तिथेच वगळले गेले असते.

थंड तुलनेनंतर वहीत "ओके" लिहायचं मी तेव्हापासून सोडलं आहे. आता "२७ अंशांना ओके" असं लिहितो. हेअर ड्रायर बाहेर काढायला दोन मिनिटं लागतात आणि तो पहिल्या सकाळी काढला असता तर त्याच दुपारी सेन्सर सापडला असता.

घाटात कपलर न काढल्याचं मात्र मला तितकंसं वाईट वाटत नाही. तिथे पोरगा रस्त्याला लागून उभा होता. पुन्हा तीच वेळ आली तरी मी निघूनच येईन आणि गॅरेजमध्ये एक दिवस जास्त घालवीन.

सरांना टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ न देण्याचं सांगितलं आहे, निदान उन्हाळ्यात पुण्याला जाताना तरी. सेन्सर खोटं बोलत होता हे खरं, पण टेपवरचे ५६ अंशही काही कमी नव्हते.